आधी संध्याकाळची भूक सांभाळा: नोकरदार आईबाबांनी खाण्याची घडी पुन्हा कशी बसवावी

दोघंही नोकरी करणाऱ्या घरात खाण्याची घडी सकाळी विस्कटत नाही, ती विस्कटते संध्याकाळी. दुपारी एकला डबा खाल्लेला असतो. चारला चहा आणि दोन बिस्किटं. सहा-साडेसहाला ऑफिस सुटतं, ऐरोली किंवा घणसोलीहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून ठाण्याला उतरायचं, तिथून घोडबंदर रोडला जाणारी बस किंवा रिक्षा. घरी पोचेपर्यंत आठ वाजतात आणि डबा खाऊन सात तास उलटून गेलेले असतात. पोटात कावळे ओरडत असताना स्टेशनबाहेरचा गरम वडापाव दिसला, की तो नाकारणं कोणालाही जड जातं. घरी आल्यावर दारातच मूल म्हणतं, "आई, भूक लागलीय, काहीतरी दे ना." मग फरसाणाचा डबा उघडतो, नऊला फोनवरून काहीतरी मागवलं जातं आणि साडेदहाला जड पोटाने झोपायचं. सकाळी भूक नसते, म्हणून नाश्ता टळतो.

म्हणूनच पुन्हा सुरुवात करायची असेल, तर माझं सांगणं आहे की ती नाश्त्यापासून करू नका. ओट्स, चिया, एअर फ्रायर यांची खरेदीही तूर्त बाजूला ठेवा. आधी साडेपाच ते साडेआठ हे तीन तास सांभाळा. ते सावरले की रात्रीचं जेवण हलकं होतं, झोप बरी लागते आणि सकाळी भूक आपोआप लागते.

पहिली पायरी: चार दिवस नुसतं लिहा

काहीही न बदलता चार दिवस नोंद ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, नाहीतर फोनमध्ये. कडकडून भूक किती वाजता लागली, त्या वेळी हाताशी काय होतं आणि रात्री किती वाजता जेवलो, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. कॅलरी मोजू नका. मुलांचीही हीच नोंद करा. पाळणाघरातून किंवा आजीकडून आणल्यावर ती पहिलं काय मागतात, ते मुद्दाम टिपा.

आणखी दोन साध्या नोंदी करा. तेलाचा नवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा. आणि कुकरला डाळ लावताना ती वाटीने मोजा. या दोन आकड्यांचं काय करायचं ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: साडेपाचचं खाणं पक्कं करा

बाकी काही जमलं नाही तरी ही एक पायरी सोडू नका. घरी निघण्यापूर्वी, ऑफिसातच, खरं काहीतरी खा. संध्याकाळच्या लोकलमध्ये उभं राहायला जागा नसते, तिथे डबा उघडता येत नाही. त्यामुळे खाणं ट्रेन पकडायच्या आधी झालं पाहिजे.

खायचं काय? मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळं. किंवा उकडलेलं अंडं आणि पेरू. वाफवलेले मोडाचे मूग, वर लिंबू पिळून. राजगिऱ्याचा लाडू आणि छोटी बाटली ताक. यातल्या फुटाणे, शेंगदाणे, लाडू या टिकणाऱ्या वस्तू सोमवारीच ऑफिसच्या खणात नेऊन ठेवा, म्हणजे रोज आठवण ठेवावी लागत नाही. फळ तेवढं रोज न्या. पोटाला आधार मिळतो तो डाळ-दाण्यातल्या प्रथिनांमुळे आणि फळातल्या चोथ्यामुळे. चहा-बिस्किटात दोन्ही जवळपास नसतात, म्हणून त्यावर तासाभरातच पुन्हा भूक लागते.

मुलांचंही तसंच. पाळणाघराच्या ताईंना किंवा आजी-आजोबांना सांगून सहाच्या सुमाराला त्यांना नीट खायला मिळेल असं बघा: भाजणीचं छोटं थालीपीठ, नाचणीचं सत्त्व, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि पोळी, सकाळच्या उसळीत थोडा कांदा-टोमॅटो घालून केलेली सुकी भेळ. आजीने लाडाने बिस्किटं दिली म्हणून वाद घालू नका. आजीला सोपं जाईल असं काहीतरी सकाळीच करून ठेवा, ती आनंदाने तेच देईल.

आठवडाभर फक्त एवढंच करा. रात्रीचं जेवण अजून बदलू नका.

तिसरी पायरी: रात्रीची पाच जेवणं ठरवून टाका

थकलेल्या माणसाला सर्वांत जड जातो तो "आज काय करू?" हा प्रश्न. त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांत होणारी, घरातल्या सगळ्यांना चालणारी पाच जेवणं निवडा आणि ती वारांना बांधून टाका. एका घरात ती अशी असू शकतात: सोमवारी मुगाच्या डाळीची खिचडी, ताक आणि काकडीची कोशिंबीर, मंगळवारी मटकीची उसळ आणि पोळी, बुधवारी पिठलं, भाकरी आणि कच्चा कांदा, गुरुवारी वरणफळं, त्यात भरपूर मेथी किंवा पालक, शुक्रवारी अंड्याची बुर्जी, नाहीतर मूगडाळीची धिरडी आणि टोमॅटोचं सार. मासे खाणाऱ्या घरात एका दिवशी तव्यावरचा बांगडा आणि भात घ्या. बांगडा परवडणारा असतो आणि त्यातली स्निग्धं हृदयाला चांगली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा त्या दिवशी अंडी किंवा कडधान्य घ्या.

तोच तोच पदार्थ येतो म्हणून कंटाळा येईल, अशी भीती वाटते. पण खिचडीत एकदा मटार-गाजर, एकदा दुधी, एकदा शेपू घातला तरी चव बदलते. मुलांना तर ठरलेला वार आवडतो. बुधवार म्हणजे पिठलं हे त्यांना पाठ होतं आणि "मला हे नको" ही कुरकुर कमी होते.

जेवायची वेळही ठरवा. साडेआठ जमत असेल तर उत्तम, नाहीतर नऊ. ज्यांना घरी यायलाच साडेनऊ होतात, त्यांनी मुलांना वाट बघायला लावू नये. जो आधी घरी येईल त्याने मुलांसोबत जेवावं आणि उशिरा येणाऱ्याने निम्मंच जेवावं. साडेपाचचं खाणं झालेलं असेल तर ते पुरतं.

चौथी पायरी: रविवारचे दोन तास

हे दोन तास आठवड्याची भाजी-आमटी शिजवून ठेवण्यासाठी नाहीत. तीन दिवसांपूर्वीची फ्रीजमधली भाजी कोणालाच खावीशी वाटत नाही, आणि शेवटी ती टाकावी लागते. रविवारी फक्त वेळखाऊ कामं उरकून ठेवायची.

खरेदी शनिवारी संध्याकाळी करा. ठाणे पश्चिमेला जांभळी नाक्यावर स्टेशनवरून चालत जाता येतं आणि भाजी ताजी असते. पालेभाजी दोन जुड्यांच्या वर घेऊ नका, बुधवारी परतताना पुन्हा घ्या. पावसाळ्यात जून-जुलैला टाकळा, फोडशी, कुर्डू अशा रानभाज्या विकायला बसलेल्या आदिवासी बायका दिसतील. त्यांच्याकडून एक तरी जुडी घ्या आणि कशी करायची ते त्यांनाच विचारा. त्या फार नीट सांगतात. शेवळं ही रानभाजी घेतलीत तर सोबत काकडं (आंबट रानफळं) मागायला विसरू नका, त्याशिवाय शेवळं घशाला खाजतात.

आता ओट्यावरचं काम. शनिवारी रात्री छोले किंवा राजमा भिजत घाला. रविवारी कुकरला चांगला मऊ शिजवा, गार झाला की एका वेळेपुरत्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका. महिनाभर टिकतो. कांदा आणि सुकं खोबरं भाजून त्याचं वाटण करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. एका उसळीला दोन वड्या पुरतात. आलं-लसूण वाटताना थोडं मीठ आणि चमचाभर तेल घाला, आठवडाभर रंग राहतो. दाणे भाजून कूट करा. मेथी-पालक निवडा, पण धुऊ नका, ओली राहिली की कुजते. ती सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नको, शाई अन्नाला लागते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही वर्तमानपत्रात अन्न बांधू नका असं वेळोवेळी सांगितलं आहे.

मटकीला मोड आणणं मात्र जरा सांभाळून करावं लागतं. मटकी स्वच्छ धुऊन सकाळी कामावर निघताना भिजत घाला. संध्याकाळी आल्यावर पाणी पूर्ण निथळू द्या. चाळणीतच दहा मिनिटं ठेवा, मधून हलवा, तळाला थेंबही राहता कामा नये. मग पातळ सुती कापडात सैलसर बांधून चाळणीत ठेवा आणि वर झाकण थोडं तिरकं टाका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्ध्या बोटाचे मोड येतात. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की घट्ट बांधलेली ओली मटकी एका रात्रीत बुळबुळीत होते आणि आंबूस वास मारते. तशी झाली तर धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या. जुलै-ऑगस्टमध्ये मोड दिसले की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलट, मोडांना जास्त वेळ लागतो. तेव्हा कापड उबदार कोपऱ्यात ठेवा. एक वाटी कोरडी मटकी फुगून अडीच-तीन वाट्या होते. तेवढ्यात चौघांची एक उसळ आणि दोघांचा संध्याकाळचा खाऊ सहज निघतो.

शिजवलेलं अन्न, विशेषतः भात, ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. गार झालं की फ्रीजमध्ये ठेवा, आणि पुन्हा घ्याल तेव्हा वाफ येईपर्यंत गरम करा.

पाचवी पायरी: ताटाचा तोल

आता ते दोन आकडे काढा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. त्यात दिवसाला साधारण २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य, डाळी-कडधान्य-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, ३०० मिली दूध किंवा दही, ३५ ग्रॅम दाणे-सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल-तूप सुचवलं आहे. वजनं कच्च्या मालाची आहेत.

आपल्या घराशी हे ताडून बघा. चौघांसाठी एक वाटी तूरडाळ लावली, तर ती साधारण सव्वाशे ग्रॅम भरते. माणशी जेमतेम तीस ग्रॅम. म्हणजे नुसत्या वरणावर भागत नाही, सोबत उसळ, अंडं, मासा किंवा पिठलं हवंच. भाजीचं तर विचारूच नका. चौघांत अर्धा किलो भाजी करून आपण खूप केली असं समजतो, आणि त्यातही बटाटा असतो. बटाटा भाजीत धरू नका, तो भात-पोळीच्या रांगेतला. भाजी वाढवायचा सोपा उपाय म्हणजे रोज एक कोशिंबीर आणि डाळीत एक भाजी: लाल भोपळा, दुधी, शेवग्याच्या शेंगा, मुळा, पालक, काहीही. पोळी एकदम बंद करू नका. चारच्या जागी तीन घ्या आणि वाटीभर भाजी वाढवा.

तेलाच्या डब्यावरची तारीख आता कामाला येईल. माणशी २७ ग्रॅमच्या हिशेबाने दोन मोठी आणि दोन लहान माणसं असलेल्या घरात महिन्याला तेल-तूप मिळून साडेतीन लिटरच्या आसपासच जायला हवं. पाच लिटरचा डबा तीन आठवड्यांत संपत असेल, तर तळण कमी करा आणि फोडणीचं तेल डब्यातून थेट ओतण्याऐवजी चमच्याने घ्या. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे, म्हणजे छोटा चमचाभर. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठही त्यातच आलं.

आईबद्दल एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आणि तरीही घरोघरी आई सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाते. तिचं ताट सगळ्यांबरोबरच वाढा. पालेभाजी, मोडाची उसळ यांवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा नको, निदान तासभर जाऊ द्या, चहा लोह शोषू देत नाही. सतत थकवा आणि धाप असेल तर हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना भेटा. नुसत्या आहाराने प्रत्येकीचं भागत नाही. मधुमेह, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर वर सांगितलेली मापंही डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

डबा आणि सकाळ

संध्याकाळ आणि रात्र मार्गी लागली की सकाळ फार अवघड राहत नाही. कणीक रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवा. कुकरच्या तीन भांड्यांत खाली डाळ, मध्ये भात, वर चिरलेला भोपळा किंवा गाजर-फरसबी लावा, एकाच वेळी तिन्ही होतात. पोह्यांत मटार आणि दाणे दुप्पट घाला, उपम्यात भाज्या घाला. वेळ नसेल तेव्हा दूध-पोहे आणि केळं हाही चांगला नाश्ता आहे. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, कूट द्या.

मुलांच्या ताटाशी भांडू नका

घरात काय शिजेल आणि किती वाजता वाढायचं ते आईबाबांनी ठरवावं, त्यातलं किती खायचं ते मुलाने. नवी भाजी पहिल्या दोन-तीन वेळा नाकारली म्हणून ती "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारू नका. कित्येक मुलांना दहा-पंधरा वेळा समोर आल्यावरच एखादी चव आपली वाटते. चमचाभर वाढा, आग्रह करू नका, आपण स्वतः खा. "भाजी संपव, मग चॉकलेट" असं सांगितलं की मुलाच्या लेखी भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस.

पाकीट विकत घेताना मुलाला मागची बाजू वाचायला शिकवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तीनांत साखर, मैदा, पाम तेल असेल, तर काय ते कळलं. साखरेच्या ग्रॅमला चारने भागा, तेवढे छोटे चमचे झाले. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितलं. मुलाच्या शाळेत तसा फलक असेल, तर घरी त्यावर बोला. मुलांना असला हिशेब करायला आवडतो.

काम वाटून घ्या

ही सगळी घडी एकाच माणसाच्या खांद्यावर ठेवली तर महिन्याभरात मोडते. भाजी आणणं आणि निवडणं बाबांकडे, कुकर आणि फोडणी आईकडे, किंवा उलट. ताटं घेणं आणि काकडी चिरणं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जमतं. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर त्यांना तोंडी सूचना देण्याऐवजी आठवड्याच्या जेवणांचा कागद फ्रीजवर लावा आणि तेलाचा चमचा त्यांच्यासमोर ठेवून नीट समजावून सांगा.

पोळ्या करणं वेळेअभावी जमत नसेल, तर त्या पोळी-भाजी केंद्रातून खुशाल आणा. नौपाड्यात, वाशीत, नेरुळला अशी केंद्रं जागोजाग आहेत. फक्त पोळ्यांना तेल कमी लावायला सांगा आणि डाळ-भाजी घरी करा. तेल, मीठ आणि डाळीचं प्रमाण ठरतं ते डाळ-भाजीत, म्हणून ती आपल्या हातात राहू द्या.

बाहेरचं खाणं पूर्ण बंद करू नका. आठवड्यातला एक वार त्यासाठी ठेवा, रविवारी सकाळी ठाण्यातली मामलेदारची मिसळ खायची असेल तर मजेत खा. फोनवरून मागवायचंच झालं, तर काय मागवायचं ते ॲप उघडायच्या आधी ठरवा, आणि घरी काकडी-टोमॅटो चिरून सोबत ठेवा.

घडी पुन्हा मोडली तर

मोडणारच. गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, ऑफिसात वर्षअखेर, घरात कोणीतरी आजारी. अशा आठवड्यांसाठी दोनच गोष्टी धरून ठेवा: साडेपाचचं खाणं आणि रोज एक डाळ किंवा कडधान्य. भाज्या कमी पडल्या, रविवारचं काम झालं नाही, तरी चालेल.

ते दिवस सरले की सोमवारची वाट बघू नका. ज्या दिवशी कामावर परत जाल, त्याच दिवशी फुटाणे-शेंगदाणे खणात ठेवा, येताना दोन भाज्या आणि अर्धा डझन केळी घ्या, आणि रात्री कोणताही वार असला तरी मुगाची खिचडी लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मटकी भिजत घाला. पाच जेवणांचा कागद फ्रीजवरून पडला असेल, तर तो त्याच आठवड्यात नवा लिहा, आणि या वेळी मुलांना विचारून लिहा.